बाईंचं ‘नको’

आमच्या गावाला अभिमानानं सांगायला एकच गोष्ट आहे. नवा गुरुजी हजर झाला, कारखान्याचा माणूस उसाची नोंद घ्यायला आला, कुणी सोयरीक घेऊन आलं, की चहा यायच्या आत ती गोष्ट येते. ‘आमच्या गावानं बाईंची बदली रद्द करून आणली. शाळेला कुलूप ठोकलं, पार इंदापूरपत्तुर गेलो, पर बाईंना सोडलं न्हाय.’ पाहुणा मान डोलावतो. म्हणतो, गुरूची किंमत जाणणारं गाव आहे. माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा सुपारी फुटायच्या आधी चुलत्यांनी ही गोष्ट सांगून घेतली. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि एक बशी मी इतक्या जोरात आपटली की आई धावत आली.

गोष्टीत खोटं काही नाही. कुलूपही खरं आणि इंदापूरही खरं. फक्त बाईंना काय हवं होतं, ते तिच्यात कुठंच येत नाही.

आमचं गाव पळसदेवच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याकाठी. जुनं गाव धरणात गेलं, नवं सरकारनं आखून दिलं, त्यात शाळेच्या दोन खोल्या. हायवेला उतरून आत बरंच चालत यावं लागायचं, म्हणून गुरुजी टिकायचे नाहीत. नव्वदच्या सुमाराला बाई आल्या, त्याही महिनाभरात जातील असंच सगळ्यांनी धरलं होतं. बाई बारामतीला लागून असलेल्या जळोचीच्या. सासरी पूर्वी मेंढरं होती, मग शेती आली. नवरा एमआयडीसीत कामाला. आमच्या घराला लागूनच्या एका खोलीत त्या भाड्यानं राहिल्या.

त्यांनी काय केलं हे सांगताना माझा राग थोडा वेळ बाजूला राहतो. मासे धरणाऱ्यांची पोरं शाळेत यायची नाहीत. बाई सकाळी काठावर जाऊन उभ्या राहायच्या आणि होडी लागली की पोराला हाताला धरून आणायच्या, तसंच, ओल्या चड्डीत. त्या पोरांना गणित तागडीवर शिकवायच्या. माझ्यापुरतं सांगायचं तर माझा आवाज त्यांनी मोकळा केला. आमच्याकडं पोरींनी पुटपुटायची रीत. बाई धडा वाचायला उभं करायच्या आणि स्वतः वर्गाच्या पार मागच्या भिंतीला जाऊन टेकायच्या. ‘इथं ऐकू आलं पाहिजे,’ म्हणायच्या. नाही आलं तर पुन्हा वाचायचं. रागवायच्या नाहीत, पण सोडायच्याही नाहीत. आज घरात माझा आवाज चढला की नवरा म्हणतो, ही सगळी तुमच्या बाईंची कृपा. खरंच आहे.

मग त्यांनी चौथीच्या पोरांना स्कॉलरशिपला बसवलं. शाळा भरायच्या आधी तास, सुटल्यावर तास. तोवर स्कॉलरशिप म्हणजे शहरातल्या पोरांचं काम, असंच आम्ही समजत होतो. त्या वर्षी आमची पोरं पास झाली आणि गाव बाईंच्या पायाशी आलं.

आता आमच्या गावाची माया कशी असते ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं माया ताटात वाढतात. पाहुण्यानं नको म्हणायचं आणि आपण वाढायचं. त्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतनं रस्सा सोडायचा. पहिल्या ‘नको’ला जो थांबला तो चिक्कू, आणि ‘नको’ न म्हणता जो घेतो तो हावरट. ‘नको’ आमच्याकडं पानातल्या मिठासारखं असतं. ते असावं लागतं, पण कुणी त्याच्याकडं बघत नाही. बाईंना दूध यायला लागलं, वांगी आली, हुरडा आला, भुईमुगाच्या शेंगा आल्या. बाई एकट्या, खाणार किती? ‘नको हो, वाया जाईल,’ म्हणायच्या. ‘असं कसं, घ्या,’ म्हणून माणसं ठेवून जायची. संध्याकाळी बाई तेच दूध आमच्या आईकडं आणून द्यायच्या आणि दोघी पोट धरून हसायच्या. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

बाईंना एक मुलगी होती, तीनेक वर्षांची. आधी ती बाईंजवळच होती. पण बाई शाळेत गेल्यावर तिला बघणार कोण? त्यात पाण्याकाठचे डास, सारखा ताप, आणि दवाखाना भिगवणला. शेवटी सासूबाई येऊन तिला जळोचीला घेऊन गेल्या. मोठ्या जावेला मूलबाळ नव्हतं, तिनं पोरीला जीव लावला. बाई शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवी उचलून हायवेकडं पळत सुटायच्या. भिगवणला गाडी बदलायची, मिळाली तर दुपारी घरी, नाहीतर दिवस कलल्यावर. सोमवारी पहिल्या गाडीनं परत.

एका शनिवारी त्या मला सोबत घेऊन गेल्या. बारामतीला माझे डोळे दाखवायचे होते आणि तात्यांना ऊसतोडीमुळं सवड नव्हती. तात्या म्हणजे माझे वडील. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो आणि आम्ही पोरंही. आम्ही जळोचीला पोचलो तेव्हा ती पोरगी अंगणात काकीच्या कडेवर होती. बाईंनी हात पसरले. तिनं काकीच्या मानेत तोंड लपवलं. बऱ्याच वेळानं आपणहून आली, बाईंच्या मांडीवर बसली, त्यांच्या बांगड्या फिरवत राहिली आणि म्हणाली, ‘तू कधी जाणार?’

पाहुण्यांना विचारतात तसं. बाई म्हणाल्या, ‘सोमवारी.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि उतरून खेळायला गेली.

परत येताना एसटीत बाई माझ्याशीच बोलल्या. मी नऊ वर्षांची, पण त्यांना कुणाला तरी सांगायचं असावं. ‘मी बदली मागितली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ती शाळेत जायला लागायच्या आत मला घरी पोचलं पाहिजे. आत्ता अजून लहान आहे, सवय मोडेल. नंतर नाही मोडायची.’ मला सगळंच कळलं असं नाही. पण ‘तू कधी जाणार’ मात्र पक्कं डोक्यात राहिलं.

मे महिन्यात बदली झाली. बारामतीजवळच्या कन्हेरीची शाळा मिळाली, म्हणजे रोज घरून जाऊन-येऊन करता येणार. बाई त्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून रडल्या. आईनं त्यांना रडू दिलं आणि मग चहा दिला. गावातल्या बायका एकेक करून आल्या, ओटी भरून गेल्या. खण, नारळ, तांदूळ. भाषण कुणी केलं नाही. मासेवाल्यांच्या घरातली एक म्हातारी बाईंच्या गालावरनं हात फिरवून एवढंच म्हणाली, ‘लेकीकडं निघाला, लई बरं झालं.’ माझ्या मते बाईंचा सत्कार जो काय झाला तो तेवढाच. पुढं झालं ते दुसरंच काहीतरी होतं.

पुरुषांना बदलीचं कळलं ते जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, बाई शाळेचा चार्ज द्यायला परत आल्या तेव्हा. मे महिनाभर ते लग्नांत आणि उसाच्या पाण्यात गुंतलेले. मारुतीच्या पारावर बैठक बसली, तात्या सगळ्यांत पुढं. ‘गेल्या साली पोरं पास झाली. औंदा माझीच पोरगी चौथीला हाय,’ तात्या म्हणाले. ‘बाई गेल्या की शाळा पुन्यांदा हुती तशी.’ सगळ्यांनी व्हय म्हटलं. ठरलं, की बदली रद्द होईस्तोवर शाळेला कुलूप. ते कुलूपही आमच्याच विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीचं काढून आणलं.

त्या दिवशी तात्या जेवायला बसल्यावर आई म्हणाली, ‘अवो, बदली बाईनं सोता मागून घेतलीया. लेक हाय तिची तिकडं.’

‘तसं म्हणत्यात त्या,’ तात्या म्हणाले. ‘गावाला तरास नको म्हणून. लई भिडस्त बाई हाय.’

‘भीड न्हाय ती. जायाचंच हाय तिला.’

‘आमटी वाढ जरा,’ तात्या म्हणाले.

आईनं वाढली. मी शेजारी बसले होते, आईच्या हातातला डाव ताटाला लागून वाजला तो मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः पारावर गेल्या. आमच्याकडं बायका पारावर जात नाहीत. बाई खाली, ऊन लागत होतं तिथं उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले होते. वर्गात बोलायच्या तशा स्पष्ट बोलल्या. ‘तात्या, सगळ्यांना हात जोडून सांगते. ही बदली मीच मागितली आहे. मला जाऊ द्या. कुलूप काढा, पोरांचं नुकसान होतंय.’

मग एक म्हातारे आबा होते ते हसले, अगदी मायेनं. ‘बाई, तुमी नको म्हणणार ह्ये आमाला ठावं हुतं,’ ते म्हणाले. ‘मोठ्या मनाची माणसं अशीच असत्यात. पर गाव तुमाला सोडणार न्हाय.’ टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, ‘अहो आबा, खरंच नको.’ आणखी टाळ्या पडल्या. जितक्या वेळा त्या नको म्हणाल्या तितक्या वेळा माणसं खूश होत गेली.

त्यांनी म्हणायला तरी काय हवं होतं? मी पुष्कळ विचार केला आहे. ‘तुमच्या गावाचा मला कंटाळा आलाय’ म्हणाल्या असत्या, तर तात्या म्हणाले असते, बाई रुसल्यात, मानपान ऱ्हायला असंल, लुगडं घ्या एखादं. शिव्या दिल्या असत्या तर म्हणाले असते, हक्कानं बोलत्यात. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. आणि इथं कुत्रं शेपूट हलवत अंगावर येत होतं, त्याला हाड तरी कसं म्हणणार. दुष्ट माणसाशी भांडता येतं. आमच्या गावातली ती माणसं दुष्ट नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

चारआठ दिवस कुलूप राहिलं. मग जीप भरून मंडळी इंदापूरला शिक्षण खात्याच्या साहेबांकडं गेली. बाईंना सोबत घेतलं, जणू सत्काराला नेतात तसं पुढच्या सीटवर बसवून. मलाही घेतलं, चौथीचा नमुना म्हणून. मला वाटेत शिकवलं होतं: साहेबांनी विचारलं की म्हणायचं, ‘आमच्या बाई आम्हाला पाहिजेत.’

साहेबांना सकाळीच वरून कुणाचा तरी फोन येऊन गेला होता, हे तात्याच जीपमध्ये फुशारकीनं सांगत होते. तरी साहेबांनी विचारलं, ‘बाई, तुमचं काय म्हणणं आहे?’

‘मला कन्हेरीला हजर व्हायचं आहे, साहेब. माझी मुलगी लहान आहे.’

‘मुलीला हितंच आणा म्हणतो आमी,’ तात्या म्हणाले. ‘गाव सांभाळंल की. एका लेकराचं काय ओझं हाय व्हय?’ जणू वासराला दावणीला बांधायची जागा दाखवत होते. सगळे व्हय व्हय म्हणाले. मग त्यांनी मला खांद्याला धरून पुढं केलं. ‘सांग साहेबांना.’

मी साहेबांकडं बघितलं नाही. मागच्या भिंतीपाशी गावातली माणसं उभी होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बाईंना घरी जायचंय. त्यांची मुलगी त्यांना विचारते, तू कधी जाणार.’

मला वाटलं, झालं, आता कळलं सगळ्यांना. साहेबांनी खुर्चीत मागं टेकून माझ्याकडं बघितलं आणि ते खुशीत हसले. ‘वा,’ ते म्हणाले. ‘खेड्यातली पोरगी, एवढीशी, आणि काय धीट बोलते. बाई, हे तुमचं काम. अशी शिक्षिका कुठलं गाव सोडेल?’ तात्यांची छाती फुगली. मी काय बोलले ते त्या खोलीत एकट्या बाईंनी ऐकलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि साहेबांनी सही केली.

गावाच्या वेशीवर ट्रॅक्टर तयार होता. ट्रॉलीत खुर्ची, खुर्चीवर बाई, पुढं हलगी. गुलाल एवढा उधळला की बाईंच्या पापण्यांवर बसला. शाल घातली, लुगडं दिलं, नारळ दिला. बाई हात जोडून बसल्या होत्या, हसत होत्या; दुसरं करणार काय? ट्रॉली प्रत्येक दारापुढं थांबत होती आणि बायका ओवाळत होत्या, कारण घरोघरच्या पुरुषांनी तसं सांगितलं होतं. आमच्या दारापुढं थांबली तेव्हा आईनं दार लावून घेतलं होतं. तात्या बाहेरून हाका मारत होते. ‘म्या न्हाय ववाळणार,’ आई आतून म्हणाली. ‘ओटी भरून वाटंला लावल्याली बाई हाय ती. धरून आणल्यालीला ववाळत न्हाईत.’ हलगीच्या आवाजात ते तात्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

एकदा मागून घेतलेली बदली रद्द झाली की पुन्हा लगेच मागता येत नाही, असं बाईंना ऑफिसात सांगितलं. त्या वर्षी त्यांनी आम्हाला शिकवलं ते एक दिवसही कमी शिकवलं नाही. हे सोपं नव्हतं, हे मला आता कळतं, स्वतःची पोरं झाल्यावर. मी स्कॉलरशिप पास झाले. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर माझं नाव पुकारलं, आणि तात्यांनी बाईंच्या दारात पेढ्यांचा पुडा आणि पाच लिटरची दुधाची किटली नेऊन ठेवली. बाई नको म्हणाल्या, हे वेगळं सांगायला नको.

पुढं त्यांची मुलगी शाळेत जायला लागली. सगळ्या शाळा एकाच दिवशी उघडतात. त्या दिवशी बाई आमच्या शाळेत होत्या, पहिलीत नव्यानं आलेली पोरं आईसाठी भोकाड पसरून रडत होती आणि बाई त्यांना एकेकाला मांडीवर घेऊन गप्प करत होत्या. जळोचीच्या शाळेत त्यांच्या मुलीला घेऊन काकी गेली.

बदली मिळाली ती त्यानंतरही दोन-तीन वर्षांनी. ह्या वेळी बाईंनी आणि आईनं कुणाला काही कळू दिलं नाही. मे महिना, शाळेला सुट्टी, पुरुष कुणाच्या तरी वरातीत. आईनं बैलगाडी जुंपायला लावली, बाईंची ट्रंक आणि स्टोव्ह त्यात घातला आणि हायवेपर्यंत जाऊन त्यांना गाडीत बसवून आली. नंतर पारावर बोलणं झालं, बाई न सांगता गेल्या म्हणून. गावाला वाईट वाटलं म्हणे.

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा मी बारामतीला कॉलेजात होते, होस्टेलवर राहत होते. गावातल्या शाळेची नवी इमारत झाली होती आणि तिच्या उद्घाटनाला बाईंचा सत्कार करायचं ठरलं. आमंत्रण द्यायला तात्या आले. एकट्यानं जायला अवघडत असावेत, मला सोबत घेतलं. शनिवार होता, मलाही नंतर त्यांच्याबरोबर गावाला जायचं होतं.

जळोचीच्या घरी बाईंनी पाणी दिलं, चहा दिला, आईची चौकशी केली. केस थोडे पांढरे झाले होते. तात्यांनी सगळा कार्यक्रम सांगितला, मोठे पाहुणे, शाल, फेटा, वेशीपासून मिरवणूक. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘तात्या, मी नाही येणार,’ त्या म्हणाल्या. ‘नको.’

तात्या हसले. तेच पारावरचं हसू. ‘तुमी नको म्हणणारच,’ ते म्हणाले.

माझ्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तेवढ्यात एक मुलगी बाहेरून आली. दहा-एक वर्षांची, दोन वेण्या, हुशार डोळे. आमच्याकडं बघून अनोळखी माणसांसाठी हसतात तसं हसली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, ‘आई, मम्मीकडं पाहुणे आलेत. अजून चहा ठेवायचा का?’ आतून जाऊबाईंचा आवाज आला, ‘ठेवते मी, तू आधी हातपाय धू.’

बाई कपबश्या गोळा करत होत्या. मी बघतेय हे त्यांना दिसलं. ‘जीभ वळली ती वळली,’ त्या म्हणाल्या. ‘गुणी पोरगी आहे. अभ्यासाला माझ्याकडंच बसते.’

तात्यांनी पुन्हा सत्काराचा विषय काढला नाही. भिगवणच्या गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘ती पोरगी बाईंचीच न्हवं?’

‘व्हय.’

‘मग आई कुणाला म्हणाली?’

‘जिनं वाढवली तिला.’

गाडी शहराबाहेर पडली. मग म्हणाले, ‘आमाला कुणी सांगितलंच न्हाय गं.’

मी एवढ्या मोठ्यानं बोलले की पुढच्या सीटवरची माणसं मागं वळली. ‘आईनं सांगितलं होतं, तात्या. तुमी जेवत होता. बाईंनी पारासमोर उन्हात उभं राहून सांगितलं, तुमी टाळ्या वाजवल्या. मी इंदापूरला साहेबांपुढं सांगितलं, तर तुमी छाती फुगवून बाहेर आला. अजून कुणी सांगायचं होतं?’

कंडक्टर आला. तात्यांनी पैसे दिले, तिकिटं घेतली, त्यांची घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली.

‘आमची माया व्हती गं त्यांच्यावर,’ ते म्हणाले.

‘त्यांचीबी व्हती,’ मी म्हणाले. ‘त्या पोरीवर.’